मीटरकाकांच्या घरातली ओल

दुपारी बारा वाजता मीटरकाकांनी घरातले सगळे नळ बंद केले, तासभर कोणी पाण्याला हात लावायचा नाही असं काकूंना बजावलं, आणि लाकडी स्टूल घेऊन ते जिन्याखाली पाण्याच्या मीटरसमोर जाऊन बसले. त्या आठवड्यातली ही तिसरी बैठक. त्यांनी मीटरची काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा काच पुसली. आतला लाल काटा तसूभरही हलला नाही. एक वाजता ते उठले तेव्हा गुडघा धरला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. चूक दुसऱ्याची आहे याची खात्री पटल्यावर येतं, तसलं.

"आपली लाइन स्वच्छ आहे," वर येऊन ते म्हणाले. "मीटर खोटं बोलत नाही."

"मग आता नळ सोडू का? भांडी खोळंबलीत," काकू म्हणाल्या आणि खोकल्या.

तो खोकला ऐकला की काकांना एका जागी बसवत नसे. ते उठून निजायच्या खोलीत गेले. उत्तरेच्या भिंतीला लावलेलं कपाट त्यांनी सकाळीच हातभर ओढून ठेवलं होतं. मागे माणूसभर उंचीचा काळा डाग पसरला होता. कडेला हिरवट, मधे काजळीसारखा, वर छताच्या कोपऱ्यापर्यंत बारीक ठिपके उडालेले. दोन वर्षांत दोनदा रंग दिला होता. दोन्ही वेळा थंडी सुरू झाली आणि बुरशी रंगातून वर आली, जणू रंग तिच्याचसाठी अंथरला होता.

डॉक्टरांनी गेल्या सोमवारी काकूंची छाती तपासून सरळ सांगितलं होतं, "एक तर ती बुरशी घराबाहेर जाईल, नाही तर तुम्ही." मुलीने ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी फोनवर निकाल दिला. "बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येतेय. आईला घेऊन जाणार. भिंत बरी होईल तेव्हा होईल."

"किती दिवस?"

"ते भिंतीला विचारा."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्यात काकू दोन बाळंतपणं सोडली तर चार दिवससुद्धा घराबाहेर राहिल्या नव्हत्या. त्यातलं दुसरं मूल राहिलं नाही, म्हणून त्या दिवसांचा हिशेब दोघंही धरत नसत. काकांना चहा करता येत होता, पण साखरेचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं. रविवार पाच दिवसांवर आला होता.

मीटरकाकांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले. गल्लीतली झाकणं उचलायची, चिखलात गुडघे टेकायचे, आरसा आणि बॅटरी लावून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. झाकणाखाली विंचू निघे, फाटकातून कुत्रं अंगावर येई, आणि घराघरातून बायका एकच सांगत, "पाणीच येत नाही तर आकडा कसला लिहिता?" विहीर जणू यांनीच बुजवली होती. पण आकडा त्यांनी कधी खोटा लिहिला नाही. एकदा सख्ख्या मेहुण्याचा मीटर वाचायची पाळी आली. मेहुणा म्हणाला, जरा कमी लिहा. काकांनी आहे तो लिहिला. मेहुणा दोन वर्षं बोलला नाही. "तेवढीच शांतता," असं काकू त्यावर म्हणत, आणि भाऊ त्यांचाच होता.

मुलगी तीन महिन्यांची होती त्या वर्षी मुख्य जलवाहिनी फुटली आणि त्यांच्या भागाला एकोणीस दिवस पाणी नव्हतं. काका पाणीखात्यातले; लोक त्यांच्या दारात येऊन शिव्या देत. घरात एक बादली आणि दोन कळशा होत्या. काकूंना ताप, पोरीची लंगोटी धुवायला पाणी नाही, दुधाची बाटली उकळायला नाही. अकराव्या दिवशी काका चार मैलांवरून खांद्यावर कळशी घेऊन आले आणि दारातच पाय घसरला. कळशी उंबऱ्यात सांडली. ते पाणी पोतेऱ्याने टिपून परत कळशीत पिळताना ते रडले होते. काकूंनी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

तेव्हापासून घरात पिंपं आली. आधी एक, मग दोन. निवृत्तीनंतर हाताला काम उरलं नाही तेव्हा पाच झाली. निजायच्या खोलीला लागून एक अडगळीची खोली होती, तिला सगळे पिंपांची खोली म्हणत. पाण्यात धूळ जाऊ नये म्हणून काकांनी तिच्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं होतं. पिंपांना झाकणं नव्हती, फडकी बांधलेली असत, कारण कोंडलेलं पाणी वास मारतं असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी पत्र्याच्या पिंपात तापवायचा रॉड टाकायचा आणि ते पाणी अंघोळीला घ्यायचं, मग पिंप पुन्हा भरायचं, हा त्यांचा नेम. अकरा वर्षांपासून नळाला दिवसभर पाणी येत होतं. काका ते मानत, पण विश्वास ठेवत नसत.

ओल दिसल्यावर त्यांनी पहिल्या दिवसापासून संशय धरला तो वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंवर. बाई एकट्या राहत, शाळेत शिकवत, आणि त्यांची मोरी काकांच्या भिंतीच्या जवळपास येत होती. काकांनी इमारतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'वरच्या मजल्यावरील गळतीमुळे खालच्या घराचे नुकसान होत आहे.' नाव लिहिलं नव्हतं, पण वर एकच घर होतं. बाईंनी मोरीची फरशी उखडली. खाली पाइप ठणठणीत निघाला. काकांचं म्हणणं, गवंड्याने नीट पाहिलं नाही. फरशी परत बसली ती जुन्या रंगाची मिळाली नाही, म्हणून पांढऱ्या मोरीत सात लाद्या निळ्या. बाई जिन्यात भेटल्या की काकांकडे न बघता काकूंना विचारत, "खोकला कसा आहे?"

बुधवारी काकांनी रंगाऱ्याला बोलावलं. बेत साधा होता. शनिवारपर्यंत भिंत रंगवायची, रविवारी मुलीला पांढरी भिंत दाखवायची. पुढचं पुढे.

रंगारी पन्नाशीचा, सडपातळ, हातावर कायमचा चुना. त्याने कपाटामागे वाकून पाहिलं, बोटाने पोपडा उडवला, वास घेतला आणि पिशवी खाली ठेवलीच नाही.

"मी नाही देणार रंग."

"का? नको का काम?"

"काम हवंय. पण महिन्याने तुम्ही मला शोधत याल, ते नको. ओल्या भिंतीला रंग म्हणजे तापात पावडर लावून फोटो काढण्यासारखं. पाणी कुठून येतंय ते आधी बघा."

"वरून येतंय," काका म्हणाले.

"कधी वाढतं हे?"

उत्तर काकूंनी दिलं. "थंडीत. उन्हाळ्यात वाळून जातं."

"वरच्या बाई उन्हाळ्यात अंघोळ करत नाहीत का?" रंगाऱ्याने विचारलं. काकूंना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला.

त्याने स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद मागून घेतला. भिंतीचा हातभर भाग कोरड्या फडक्याने पुसला, तिथे कागद सपाट लावला आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. "आता हात लावायचा नाही. मी शनिवारी येतो. कागदाच्या मागे पाणी साचलं तर ओल भिंतीतून येतेय. पुढे साचलं तर ओल खोलीतून येतेय, घरातल्या हवेतून. मग वरच्या बाई सुटल्या."

"पुढे कशाला साचेल?" काका म्हणाले.

"मला काय माहीत? घर तुमचं."

गुरुवारी दहानंतर काका त्या कागदापुढे पाच वेळा जाऊन उभे राहिले. मधे दोनदा मीटर बघून आले. दुपारी झोप लागेना म्हणून उठून पिंपांवरची फडकी सोडून परत बांधली. काकू म्हणाल्या, "अहो, जरा बसा. तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच धाप लागते."

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, पंचा गुंडाळूनच ते परत गेले. कागदाच्या पुढच्या बाजूला पाणी होतं. उकळत्या भांड्यावरचं झाकण उलटं केलं की दिसतात तसे थेंब, वरपासून खालपर्यंत. काकांनी चिकटपट्टीचा एक कोपरा नखाने सोडवला आणि मागे बोट घातलं. मागे कोरडं. बोटाला चुन्याची भुकटी लागली.

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने कागद पुसला. दोनदा पुसला. कोपरा परत दाबून बसवला. वळले तर दारात काकू, ओल्या केसांना फडकं गुंडाळून उभ्या.

"चहा ठेवलाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

तो दिवस काकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. चहा अर्धा राहिला. वर्तमानपत्राचं एकच पान त्यांनी चारदा उलटलं. खाली गेले तेव्हा मीटरकडे न बघता फळ्यापाशी थांबले. त्यांचं खडूचं वाक्य अजून तिथेच होतं, कोणीतरी 'नुकसान'वर फुलपाखरू काढलं होतं. जेवताना त्यांनी घास हातात धरला आणि तसाच ठेवला.

"सकाळी मी ते पुसलं."

"पाहिलं मी."

"मागे कोरडं होतं."

"हं."

"तू 'हं' काय म्हणतेस? तुला माहीत होतं?"

काकूंनी ताटातलं आवरतं घेतलं. "गेल्या थंडीत मी कपाटातून शाल काढली तर ओली. भिंतीवर हात फिरवला. मग पिंपांच्या खोलीत गेले, तिथे तर भिंतीवरून ओघळ. वर झरोका आहे ना दोन खोल्यांच्या मधे, त्याला हात लावला तर वाफ येत होती इकडे. खिडकीवर तुम्ही फळी ठोकलेली. जाणार कुठे ती वाफ?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

"पिंपं काढा म्हणून."

"तुम्ही ती पिंपं मोजता तेव्हा तुमचं तोंड मी बघते," काकू म्हणाल्या. "आणि कळशी सांडली त्या दिवशीचंही मी पाहिलंय. खोकला काय, तो आपला येतो जातो."

काकांनी ताट बाजूला सारलं. मग ते म्हणाले, "वरच्या बाईंनी मोरी फोडली."

"ते मात्र मी बोलायला हवं होतं. तिथे माझं चुकलं."

शनिवारी सकाळी काकांनी रॉड लावला, स्टूल उचललं आणि मीटरकडे न जाता भिंतीसमोर बसले. जुनी वही मांडीवर, घड्याळ समोर. खात्री पटलेली होती. पण वाचल्याशिवाय आकडा मानायचा नाही ही सवय जाईना. सात मिनिटं काही झालं नाही. बाराव्या मिनिटाला कागदाची चमक गेली, वरच्या अर्ध्या भागावर धुकं बसलं. मग ते धुकं दाटलं, थेंब झाले, आणि एकोणिसाव्या मिनिटाला पहिला थेंब दुसऱ्याला घेऊन खाली घसरला. काका उठले आणि हात उंचावून झरोक्याला तळवा लावला. कोमट, ओला श्वास तळव्याला लागला. पलीकडून कोणीतरी जवळ तोंड आणून उभं असावं तसा. त्यांनी वहीत वेळा लिहिल्या. खाली 'स्रोत' लिहिलं आणि पुढे 'स्वतः' लिहिलं.

दुपारी रंगारी आला. त्याने वही वाचली आणि एकदा काकांकडे पाहिलं. थट्टा केली नाही. प्लायवूडचे खिळे उपटायला त्यानेच पक्कड दिली. फळी निघाली तेव्हा पिंपांच्या खोलीत बऱ्याच वर्षांनी उजेड आला, आणि तिथल्या भिंतीही काळ्या निघाल्या. "कपाट कायम हातभर पुढे राहू दे, मागून हवा फिरली पाहिजे," तो म्हणाला. "पाणी तापवायचं तर मोरीत तापवा आणि खिडकी उघडी ठेवा. हा पोपडा मी तोंडाला फडकं बांधून खरवडतो, पण भिंत वाळायला दिवस लागतील. आणि खरवडताना बुरशीची धूळ उडेल. काकूंनी तेव्हा इथे राहू नये."

म्हणजे कारण सापडूनही काकू जाणारच होत्या.

संध्याकाळपर्यंत काकांनी चार पिंपं रिकामी केली. एवढं पाणी मोरीत ओतून टाकायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून बादल्या भरभरून वरपासून खालपर्यंत सगळा जिना धुतला. वरच्या मजल्यावर ते झाडू मारत होते तेव्हा बाई शाळेतून आल्या. चपला हातात घेऊन पायऱ्या चढत त्या थांबल्या.

"काका, हे काय काढलंय?"

"बाई, गळती तुमची नव्हती. आमच्याच घरातली वाफ होती."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठ दिवस मी टॉवेल घेऊन बसने बहिणीकडे जात होते. अंघोळीला. वर्गातल्या मुली विचारायच्या, बाई पोहायला जाता का."

"चुकलं माझं."

"जिन्यात पुटपुटून काय उपयोग? जिथे चढवलंत तिथे उतरवा."

काका तसेच ओल्या पायांनी खाली गेले. जुनं वाक्य फुलपाखरासकट पुसलं आणि लिहिलं, 'वरच्या मजल्यावर गळती नाही व नव्हती. ओल आमच्या घरातील पिंपांमुळे होती.' खाली स्वतःच्या घराचा क्रमांक टाकला. बाईंनी मागोमाग उतरून जिन्यावरूनच वाचलं. "'व नव्हती' बरं लिहिलंत," त्या म्हणाल्या.

पाचव्या पिंपाशी मात्र काकांचा हात थांबला. ते एक त्यांनी भरलेलंच ठेवलं. फडक्याऐवजी परात पालथी घातली आणि दार लावून घेतलं.

रविवारी मुलगी आली ती फळा वाचूनच वर आली. आल्या आल्या तिने आईची बॅग उचलली. काकूंनी साखरेचा डबा, चहाचा डबा, गोळ्यांची जागा सगळं दाखवलं. निघताना त्यांनी पिंपांच्या खोलीचं दार उघडून आत पाहिलं, परात पाहिली आणि दार परत लावलं.

काका गाडीपर्यंत गेले. "खरवडणं उद्याच होतंय," ते म्हणाले. "मग काय, आठ दिवस."

"बघू," काकू म्हणाल्या.

सोमवारी रंगाऱ्याने भिंत विटेपर्यंत खरवडली, साबणाच्या पाण्याने घासली, पुसून कोरडी केली आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगून गेला. घरभर वारा फिरू लागला. कॅलेंडर फडफडे, दारं आपटत, आणि काका एका दारातून दुसऱ्या दारात जात. चहात साखर जास्त पडे. शेजारून नळाचा आवाज आला की ते उठून आपला नळ सोडून बघत. पाणी येत असे. ते बंद करत. तासाने पुन्हा बघत.

गुरुवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"जेवलात का?"

"जेवीन. तू कशी आहेस?"

"बरी. नात डोकं खाते. गोळी घेतलीत?"

"घेतली. भिंत वाळतेय. वरून वाळत आलीये, खाली अजून गार लागते हाताला."

"आणि ते पाचवं?"

काकांनी पिंपांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आहे?"

"आहे."

"भरलेलं?"

"भरलेलं."

"असू दे मग," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मग त्यांनी नातीच्या शाळेचं सांगितलं, जावयाच्या नव्या चष्म्याचं सांगितलं, मुलगी भाजी कशी अर्धी टाकून देते ते हळू आवाजात सांगितलं. फोन ठेवून काका खुर्चीत बसले. एवढ्या बोलण्यात काकू एकदाही खोकल्या नव्हत्या. त्यांनी मनात पहिल्यापासून सगळं परत ऐकलं. एकदाही नाही.

ते उठले आणि पिंपांच्या खोलीत गेले. परात बाजूला ठेवली. बादलीने उपसायचा धीर त्यांना निघाला नाही; त्यांनी पिंपाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून ते कलतं केलं. पाणी फरशीवर पसरलं, त्यांच्या पावलांवरून गेलं आणि मोरीच्या दिशेने निघालं. खराट्याने ते लोटता लोटता त्यांना घाम आला. फरशी त्यांनी तीनदा पुसली आणि खिडकी सताड उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी नळ सोडला. नळ फुसफुसला. नुसती हवा. काका नळाची चावी धरून उभे राहिले. सहा वाजून एक मिनिट. दोन. घरात पाण्याचा तांब्या एक होता, तोही निम्मा. तिसऱ्या मिनिटाला ते कोपऱ्यात उभी केलेली रिकामी पिंपं बघून आले आणि परत नळाशी आले. सहा वाजून पाच मिनिटांनी नळ दोनदा खोकल्यासारखा झाला, तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ आलं.

काकांनी एक बादली भरली. नळ बंद केला. दुसरी बादली हातात होती, ती पालथी घातली.

मग त्यांनी फोन लावला. मुलीने उचलला आणि न विचारता आईकडे दिला.

"पाचही रिकामी," काका म्हणाले. "रंगाऱ्याकडे देऊन टाकतोय, त्याला रंग कालवायला हवीत. रविवारी येऊ का न्यायला?"

पलीकडे काकूंनी बोटांवर दिवस मोजले.

"रविवारी नको," त्या म्हणाल्या. "भिंत खालून वाळू दे. बुधवारी या. आणि बसने या, रिकाम्या हाताने. येताना माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन याल, तुमचा नेम नाही."